अंगणातले होले: बारा फरश्यांवरून तीन फरश्यांवर

अंगणात येणाऱ्या होल्यांशी, म्हणजे रानकबुतरांशी, सलगी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तळहातावर दाणे टिपणारं पाखरू येतं. ते चित्र आधी पुसून टाकावं. होला हातावर आणता येतो, पण आणू नये. का ते पुढे येईलच. आम्ही सलगी मोजतो ती फरश्यांनी. ओट्यापुढे दोन फुटी शहाबादी फरशी आहे. सुरुवातीला बाराव्या फरशीवरच्या होल्याला ओट्यावर माणूस दिसला तरी तो उडायचा. चार महिन्यांनी तोच तिसऱ्या फरशीवर दाणे टिपतो आणि माणसाने पान उलटलं तरी मान वर करत नाही. मधल्या नऊ फरश्या कशा कमी होतात, त्याची ही हकीकत.

आधी येतंय कोण ते ओळखायचं. पश्चिम महाराष्ट्रात घराजवळ येणारे होले मुख्यतः दोन. ठिपकेवाला होला साधारण ३० सेंटीमीटर लांबीचा, अंगाला गुलाबीसर तपकिरी झाक, मानेमागे काळा पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके, काळ्या तिळांत पांढरे तीळ मिसळावेत तसे. नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू असेल तर हा पट्टा नसतो, त्यामुळे नवखा माणूस त्याला वेगळीच जात समजतो. दुसरा तपकिरी होला. तो अंगाने थोडा लहान, सडपातळ. छातीवर तांबूस रंगात काळे शिंतोडे आणि पंखांच्या कडेला निळसर राखाडी पट्टा. त्याचा आवाज दबक्या हसण्यासारखा. गावाबाहेर, शेताकडेला घर असेल तर मानेमागे काळी अर्धी कडी असलेला फिकट कंठी होलाही येतो. कोकणात मात्र अशा पाखरांना सरसकट कवडा म्हणून मोकळे होतात.

या यादीत पारवा, म्हणजे इमारतींवरचं नेहमीचं कबुतर, नाही, आणि तो मुद्दाम नाही. हरोळी, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, हीसुद्धा नाही. ती फळं खाणारी. दाणे टाकून ती येत नाही. उंबर, वड, पिंपळ पिकला की येते आणि पानांतच बसते. तिच्यासाठी करण्यासारखं एकच, शेजारचा उंबर तोडू द्यायचा नाही.

जागा निवडताना होल्याची उतरायची रीत बघावी. तो चिमणीसारखा थेट दाण्यावर पडत नाही. आधी तारेवर, नारळाच्या झावळीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर बसतो, मान पुढेमागे करतो, दोन-तीन मिनिटं घालवतो. मग दाण्यापासून चार-पाच फुटांवर उतरतो आणि उरलेलं अंतर चालत येतो. म्हणून तीन गोष्टी लागतात: वर बसून सगळं अंगण दिसेल अशी एक जागा, दाण्याभोवती चारी बाजूंनी निदान पाच फूट मोकळी जमीन, आणि झुडपापासून अंतर. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही पहिल्यांदा दाणे जास्वंदीखाली टाकत होतो, पाखराला आडोसा बरा वाटेल म्हणून. आडोसा बरा वाटला तो मांजराला. दबा धरलेल्या मांजराला एका झेपेत गाठता येणार नाही इतकी, म्हणजे दोन-अडीच मीटर जागा दाणे आणि झुडूप यांच्यामध्ये हवीच.

जमीन उघडी हवी. हिरवळ दिसायला छान, पण होल्याचे पाय आखूड आणि गवतात दाणे हरवतात. सारवलेलं अंगण उत्तम, झाडलेली माती चालते, फरशीही चालते. टांगायचे प्लॅस्टिकचे दाणापात्र होल्याच्या उपयोगाचे नाहीत. त्याला सपाट जागा लागते. पावसाळ्यासाठी दीड फूट बाय एक फूट फळी आणि तिला बोटाच्या पेराहून कमी उंचीची काठपट्टी, एवढं पुरतं. फळीला चार-पाच बारीक भोकं पाडावीत, नाहीतर तिचं डबकं होतं.

पाणी दाण्याच्या आधी ठेवावं. उन्हाळ्यात तर नुसत्या पाण्यावरही पाखरं येऊ लागतात. मातीचं पसरट परळ किंवा कुंडीखालची ताटली घ्यावी, फूटभर रुंद, खोली दीड इंच. काचेची किंवा गुळगुळीत स्टीलची नको, पाय घसरतात. कोंबडी किंवा चिमणी चोचीत घोट घेते आणि मान वर करून गिळते. होला तसा पीत नाही. चोच जवळजवळ नाकपुडीपर्यंत बुडवतो आणि मान खालीच ठेवून ओढून घेतो. त्यामुळे पाव इंच पाण्याचा त्याला उपयोग नाही, आणि मान खाली असताना त्याला मागचं फारसं दिसत नसल्याने परळसुद्धा मोकळ्यावर हवं. पाणी रोज ओतून द्यायचं आणि परळ काथ्याने घासायचं. हे नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि होल्यांच्या घशाचा एक वाईट रोग पाण्यातूनच पसरतो.

आता दाणे. तपकिरी होल्याला बारीक दाणा आवडतो: राळा, नाचणी, बाजरी. ठिपकेवाला ज्वारी, गहू, तांदळाची कणीही घेतो. आमचं मिश्रण असं: दोन वाट्या बाजरी, एक वाटी ज्वारी, अर्धी वाटी राळा. एका जोडीला एका वेळी एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. सकाळी सातला एकदा, संध्याकाळी पाचच्या आत एकदा. हे वाचून माणसं हसतात, एवढ्याने काय होतं म्हणून. एवढ्यानेच होतं. आपण त्यांचं पोट भरायला बसलेलो नाही, त्यांना वेळेची सवय लावतोय. पोट ती शेतात आणि रस्त्याकडेच्या गवतात भरतात. अर्ध्या तासात दाणे संपले तर माप बरोबर. उरले तर दुसऱ्या दिवशी चमचा अर्धा. ओंजळ ओतून निघून जाणाऱ्याकडे होले टिकत नाहीत. पारवे येतात, मग कावळे, आणि रात्री उंदीर. उंदरांमागून काय येतं ते गावाकडच्यांना सांगायला नको. दिवेलागणीच्या आत उरलेले दाणे झाडून काढायचेच.

काय देऊ नये हे जास्त नीट वाचावं, कारण चुका इथेच होतात. शिळी पोळी, भात, शेव-फरसाण, खारे दाणे अजिबात नाहीत. पेरणीचं उरलेलं बियाणं कधीच नाही. ज्वारी-बाजरीचं बियाणं गुलाबी किंवा हिरवट दिसतं ते त्याला लावलेल्या औषधामुळे, आणि धुतलं तरी ते औषध पुरतं जात नाही. घरच्या तांदळाला बोरिक पावडर लावलेली असेल किंवा गव्हात कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या असतील तर तेही बाजूला. पाखरांचा दाणा वेगळ्या डब्यात, नुसता कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवावा. जाळी धरलेली, कुबट वास येणारी बाजरी गुरांनाही घालू नये, पाखराला तर नाहीच. बुरशीचं विष एवढ्याशा जिवाला पुरून उरतं.

होल्याला दात नसल्याने दाणा अख्खा गिळला जातो. तो आधी गळ्याच्या पिशवीत साठतो आणि मग पेटीत, म्हणजे पोटाच्या जाड स्नायूंच्या भागात, दळला जातो. दळायला जातं लागतं, ते म्हणजे बारीक खडे. म्हणून दाण्यांपासून हातभर दूर एक मूठ जाडसर वाळू ठेवावी, ज्वारीच्या दाण्याहून लहान खड्यांची. तीत अंड्याची टरफलं तव्यावर चांगली भाजून, कुटून मिसळली की अंडी घालायच्या दिवसांत माद्या तिथे हमखास येतात. आम्हाला जोडी घरटं करणार हे बहुतेकदा या टरफलांवरूनच आधी कळतं.

खरं काम सुरू होतं ते ओट्यावर बसण्यापासून. पहिला आठवडा दाणे टाकून घरात जायचं, खिडकीतूनसुद्धा डोकवायचं नाही. त्यांना येऊ दे, खाऊ दे, जाऊ दे. दुसऱ्या आठवड्यापासून दाणे बाराव्या फरशीवर टाकायचे आणि ओट्यावर एकाच जागी बसायचं. उभं नाही. माणूस उभा राहिला की त्यांच्या हिशेबात तो निराळाच प्राणी होतो. तोंड सरळ त्यांच्याकडे नको, थोडं आडवं बसावं. भाजी निवडावी, पेपर वाचावा, शेंगा सोलाव्यात. टक लावून बघणारा डोळा शिकाऱ्याचा असतो एवढं पाखराला जन्मतः कळतं; मोबाइल डोळ्यांपुढे धरून फोटो काढणंही त्यातच येतं.

पाखरू उडायच्या आधी सांगतं. खाताना पिसं सैल असतात, मान अंगात घेतलेली असते. शंका आली की मान उंच आणि बारीक होते, पिसं अंगाला चापून बसतात, डोकं एक-दोनदा झटक्याने हलतं. त्या क्षणी हालचाल थांबवायची. परत खाली वाकून टिपायला लागलं तर अंतर बरोबर आहे. उडालं तर दुसऱ्या दिवशी दाणे एक फरशी मागे. सलग चार दिवस मान उंच झाली नाही, तरच दाणे एक फरशी पुढे. या हिशेबाने नऊ फरश्यांना जेमतेम सव्वा महिना लागायला हवा. प्रत्यक्षात तिप्पट लागतो, कारण मध्येच शिक्रा हा शिकारी पक्षी येतो, दिवाळीचे फटाके वाजतात, कुणाचं तरी पोर धावत अंगणात येतं, आणि गाडी चार फरश्या मागे जाते. तेव्हा घाई करून दाणे पुढेच टाकत राहिलं तर पाखरं अंगणच सोडतात. मागे जाणं हाही त्या कामाचाच भाग.

खूण म्हणून आम्ही दाण्याचा डबा तीनदा वाजवायचो. अडीच-तीन आठवड्यांत डबा वाजला की झावळीवर पंख फडफडायचे. यात एक खोट आहे: डबा कावळ्यांना आणि खारींना होल्यांआधी कळतो. खारीचं काही नाही, ती आणि होले शेजारी शेजारी खातात. कावळा मात्र पाठ सोडत नाही. कावळे जमू लागले की डबा बंद करायचा आणि आठ-दहा दिवस फक्त राळा टाकायचा. एवढ्या बारीक दाण्यासाठी कावळा फार वेळ घालवत नाही.

तीन फरश्यांवर, म्हणजे सहा फुटांवर आम्ही थांबतो. इथून पाखराच्या डोळ्याभोवतीची कातडीसुद्धा दिसते. एक जोडी ओळखू येऊ लागते. नर-मादी दिसायला सारखीच, पण एखाद्याचं बोट तुटलेलं असतं, एखाद्याच्या शेपटीत पीस कमी असतं. नर मान फुगवून वाकून वाकून घुमतो तो नमस्कार इथूनच बघावा. वळवाच्या पहिल्या सरीत होला कठड्यावर एका कुशीवर कलतो, एक पंख सरळ वर उभा करतो आणि बगलेत पाऊस घेतो. मग कूस बदलून दुसरा पंख. पाच-सात मिनिटं हे चालतं. सहा फुटांच्या आत त्याला ओढलं तर माणूस म्हणजे दाणा एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. पलीकडच्या गल्लीत बेचकी घेऊन बसलेला मुलगाही माणूसच असतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार होला पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं किंवा त्याची अंडी उचलणं गुन्हा आहे. पाखरू अंगणात येवो, अंगणाचं होऊ नये.

मांजराने झडप घातली तर अंगणात पिसांचा ढीग दिसतो आणि माणसं समजतात संपलं. बऱ्याचदा संपलेलं नसतं. होल्याची पिसं, विशेषतः शेपटीची, भीतीच्या झटक्यात चटकन सुटतात. मांजराच्या तोंडात शेपूट राहते आणि पाखरू निसटतं. बिनशेपटीचा होला काही दिवस जरा वेडावाकडा उडतो, पण पिसं पुन्हा येतात. दात किंवा नख लागून रक्त आलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत पाखरू दगावतं, त्याला पशुवैद्याकडेच न्यावं लागतं. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला फडकं, अंधार आणि शांतता. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक अशा वेळी कामाला येतो.

आणखी दोन धोके घरातलेच. एक, काच. बागेचं प्रतिबिंब पडणाऱ्या मोठ्या खिडकीवर होला आदळतो, आणि त्याच्या पिसांत बारीक पूड असल्याने काचेवर पसरलेल्या पंखांसह त्याचा अख्खा ठसा उमटतो. असा ठसा दिसला की त्याच दिवशी काचेच्या बाहेरून चार-चार बोटांवर दोऱ्या सोडाव्यात किंवा जाळी लावावी. दुसरा, केस आणि दोरा. अंगणात बसून विंचरलेले केस, शिवणाचे दोरे, संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा, हे सगळं चालणाऱ्या पाखराच्या बोटांना गुंडाळलं जातं, आवळत जातं आणि बोट गळून पडतं. बोट तुटलेला होला दिसला की मांजर आठवतं. पुष्कळदा कारण केस असतो.

पारव्यांचं काय, हा प्रश्न येतोच. होल्यांना घातलेल्या दाण्यावर पारवे आले तर ते चाळीस-पन्नासने येतात आणि होले बाजूला होतात. मुंबईत या प्रश्नाने काय रूप घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं: २०२५च्या जुलैमध्ये शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आणि वाद उच्च न्यायालयात गेला. श्रद्धेची बाजू काही असो, वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची पूड रोज छातीत गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे खरं आहे. होल्याची विष्ठाही त्याला अपवाद नाही, पण जोडीभर पाखरं मोकळ्या अंगणात आणि शेकडो पारवे सज्जाखाली, यात फरक आहे. म्हणून बाल्कनीत, गच्चीवर आणि सोसायटीच्या डक्टजवळ दाणे टाकूच नयेत. घरात दम्याचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल तर हा नाद पाण्याच्या परळापुरता ठेवावा. झाडण्याआधी विष्ठेवर पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क. दोन पारवे दिसले की दहा दिवस दाणे बंद. ते दुसरीकडे सोय बघतात. होले तोवर पाण्यावर येत राहतात.

जोडी स्थिरावली की घरटं होतं, आणि होल्याचं घरटं म्हणजे नुसती नावाची चीज. वीस-तीस काड्या आडव्यातिडव्या, खालून बघितलं तर अंडी दिसावीत. बोगनवेलीत, टांगलेल्या कुंडीत, मीटरच्या पेटीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर कुठेही. नर एकेक काडी आणतो, मादी बसल्या बसल्या लावते. खराट्याच्या किंवा वाळल्या तुळशीच्या काड्या वीतभर तुकडे करून फरशीवर ठेवल्या तर नर त्याच उचलतो. बघायला मौज येते आणि घरट्याला मजबुतीही येते. अंडी निसटतील अशी जागा दिसली तर अंडी घालण्याआधीच तिथे वीतभर रुंदीची उथळ बांबूची टोपली घट्ट बांधावी. अंडी घातल्यावर हात लावायचा नाही.

अंडी दोन, पांढरीशुभ्र. साधारण तेरा-चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सकाळ उलटल्यावर नर बसायला येतो, संध्याकाळी मादी बसते ती रात्रभर. घरटं कुंडीत असेल तर पाणी वरून घालू नये, खालच्या ताटलीत घालावं. पिल्लांना पहिले काही दिवस आई-बाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दाट दूध भरवतात, मग हळूहळू भिजलेला दाणा. पंधरवड्याच्या आसपास पिल्लं उडतात. दहाव्या दिवसानंतर फोटोसाठी जवळ गेलात तर ती उडता येत नसतानाच उडी टाकतात आणि खाली मांजराच्या पुढ्यात पडतात. पडलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवायला हरकत नाही. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकते ही समजूत खोटी. त्याच्या चोचीत ड्रॉपरने पाणी मात्र सोडू नये. होल्याचं पिल्लू आ करत नाही, ते आपली चोच आईच्या चोचीत घालून खातं. वरून सोडलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि माया करता करता पिल्लू मरतं. भारद्वाज आणि कावळे घरटी लुटतात, त्याला इलाज नाही. जोडी काही दिवसांत पुन्हा काड्या जमवायला लागते.

पावसाळ्यात नियम कडक. भिजलेली बाजरी दुपारपर्यंत आंबते, म्हणून दाणे ओसरीतल्या फळीवर आणि निम्मेच. आठवड्यातून एकदा परळ आणि फळी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं ठेवून, खळखळून धुऊन, ऊन मिळेल तितकं उन्हात पूर्ण वाळवायची. वाळवणं वगळू नका. घशाच्या रोगाचे जंतू ओलाव्यातच जगतात. एखादं पाखरू पिसं फुगवून पाण्याशी तासभर बसलंय, पुन्हा पुन्हा गिळायचा प्रयत्न करतंय, चोचीच्या आत पिवळट खरवसासारखं काही दिसतंय, तर तोच रोग. तेव्हा दाणा आणि पाणी दोन्ही निदान दोन आठवडे बंद करायचं. आजारी पाखराला उपाशी कसं ठेवायचं असं वाटतं, पण एका ताटलीवर गर्दी झाली की उरलेलीही जातात.

गावाला जायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात चमचा अर्धा, मग पाव, मग काही नाही. शेजाऱ्यांना दाणे टाकायला सांगू नये. ते हमखास ओंजळ टाकतात. पाणी तेवढं ठेवायला सांगावं. परत आल्यावर पहिल्या सकाळी दाणे तिसऱ्या नाही, सातव्या फरशीवर टाकायचे आणि शेंगा सोलत बसायचं.